स्पीडोमीटरचा काटा शून्यावर: गिअरबॉक्सवरचा स्पीड सेन्सर कसा तपासायचा आणि बदलायचा?

रानवारा

मंडळी, गाडीबद्दल मदत हवी आहे. २०१७ची पेट्रोल सेदान, पाच गिअर, एबीएस (ब्रेक लावताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही. जुनी घेतलेली.

सकाळी साताऱ्याहून पुण्याला निघते तेव्हा सगळं झकास असतं. पाचवड-भुईंज मागे पडलं की स्पीडोमीटरचा काटा थरथरायला लागतो आणि खंबाटकीच्या बोगद्याच्या अलीकडे कुठेतरी धपकन शून्यावर येतो. किलोमीटर मोजणंही तिथेच थांबतं. आरपीएम, पेट्रोल, टेंपरेचर हे सगळं नीट दाखवतो. थोड्या वेळाने चेक इंजिनचा पिवळा दिवा. सगळ्यात वैताग म्हणजे खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर वेग उतरवत क्लच दाबला की इंजिन बंद पडतं. चावी फिरवली की लगेच सुरू होतं, पण तोवर मागचा ट्रकवाला हॉर्नवर बसलेला असतो. गाडी उभी राहून गार झाली की काटा पुन्हा जिवंत.

स्कॅनर लावला, कोड आला पी०५००. एका गॅरेजने स्पीड सेन्सर सांगितला, दुसऱ्याने अख्खं मीटर बदलायला सांगितलं. दोघांपैकी एकानेही बॉनेट उघडलं नाही. माझ्याकडे मल्टिमीटर आहे, पाने आहेत, रविवार मोकळा आहे. सेन्सरच गेलाय हे विकत आणण्याआधी कळेल का? आणि तो उपसला तर गिअर ऑइल भळाभळा बाहेर येईल का?

दहाची गोटी

ताई, मीटरवाल्याच्या दारात परत जाऊ नका. नुसतं मीटर गेलं असतं तर काटा पडला असता, इंजिन कशाला बंद पडेल? गाडी पळतेय की उभी आहे हे ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, या सेन्सरवरून कळतं. पाय उचलला की ईसीयू पेट्रोल तोडतो आणि गाडी थांबत आली की आयडलिंग सावरून धरतो. वेगच कळेना म्हटल्यावर सावरायला उशीर होतो आणि इंजिन बसतं. टोलनाक्यावर होतंय ते हेच.

सेन्सर गिअरबॉक्सच्या माथ्यावर असतो, डिफरन्शियलच्या (दोन्ही चाकांना फेरे वाटून देणाऱ्या गिअरच्या) बाजूला, केबिनच्या पत्र्याकडे. एअर फिल्टरचा डबा काढा, खाली हात जाईल. बोटभर काळं प्लास्टिक, डोक्यावर तीन वायरींचं कपलर, एकच १०चा बोल्ट. ऑइलची काळजी करू नका. सेन्सर वरून बसतो, ऑइलची पातळी त्याच्या खाली असते. टोकाला लागलेले चार थेंब सोडले तर काही सांडत नाही.

आमच्या गॅरेजात असलं काही आलं की त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीचा चांगला सेन्सर लावून एक चक्कर मारतो. काटा चालला की विषय संपला.

एक विचारायचं राहिलं. गाडी आधी टी परमिटची, म्हणजे टुरिस्ट टॅक्सी, होती का?

ओहम

गोटीदादा, दुसऱ्या गाडीचा सेन्सर गॅरेजात मिळतो, घरी कुठून आणणार? आणि एक दुरुस्ती. काही गाड्यांत सिग्नल आधी मीटरमध्ये जातो आणि तिथून पुढे ईसीयूला. अशा गाडीत मीटर बिघडलं तरी इंजिन बंद पडू शकतं. त्यामुळे वायरिंगचा नकाशा बघितल्याशिवाय मीटरला क्लीन चिट देऊ नये.

रानवारा, पी०५०० याचा अर्थ "सेन्सर गेला" असा नाही. वेगाचा सिग्नल ईसीयूपर्यंत पोचत नाही, एवढंच तो कोड सांगतो. सेन्सर, कपलर, वायर, अर्थ (अर्थिंग), यांतलं काहीही असू शकतं. सिग्नल येतो-जातो असा असेल तर काही गाड्यांत पी०५०३ येतो, पण त्यावर विसंबू नका.

आधी वायरी मोजा. तीन असतील तर हॉल सेन्सर (चुंबक ओळखणारी चिप) आहे: एक सप्लाय, एक अर्थ, एक सिग्नल. दोनच असतील तर चुंबक आणि कॉइलचा साधा पिकअप. त्याचा रेझिस्टन्स ओहमवर मोजता येतो. हॉल सेन्सर मात्र ओहमवर तपासायचा नाही. आत इलेक्ट्रॉनिक चिप असते, आकडा काहीही येईल आणि त्यातून काही कळणार नाही. इंटरनेटवर अर्धे लोक हेच करत बसतात.

तुमच्या गाडीत तीन आहेत असं धरून चालतो. कपलर काढा, चावी ऑन, इंजिन बंद. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर. कपलरच्या वायरिंगकडच्या बाजूला सप्लाय आणि अर्थ यांच्यात बॅटरीइतका व्होल्टेज यायला हवा, साधारण १२. तो नसेल तर फ्यूज बघा, अर्थ बघा. सेन्सरला हातही लावू नका. मग सिग्नलची पिन आणि अर्थ: इथे ईसीयू किंवा मीटर स्वतःहून ५ किंवा १२ व्होल्ट देऊन ठेवतं आणि सेन्सर फिरताना ते खाली ओढून शून्य करतो. सेन्सर काढलेला असताना या पिनवर शून्य आलं तर वायर कुठेतरी तुटलीय किंवा अर्थ होतेय.

हे ठीक आलं तर कपलर परत लावा. कपलरच्या मागून, रबराच्या कडेने, सिग्नल वायरीला सेफ्टी पिन टेकवा. वायरीच्या आवरणात पिन खुपसू नका, पावसाळ्यात तिथून पाणी शिरतं. पुढचं एक चाक जॅकवर उचला, खाली घोडी लावा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड, गिअर न्यूट्रल. चाक हाताने हळू फिरवा. एक चाक जमिनीवर आणि एक हवेत, म्हणून डिफरन्शियल निम्म्या वेगाने फिरेल, पण फिरेल. सिग्नल शून्य-पाच-शून्य-पाच असा उडाला पाहिजे.

आणि हे सगळं गाडी गरम असताना करा. गार गाडीत सगळं बरोबरच येणार, कारण गार असताना तुमचा काटा चालतोच.

आबासाहेब_नगरकर

आमच्या वेळी गिअरबॉक्सपासून मीटरपर्यंत एक केबल असायची. काटा नाचायला लागला की केबल ओढून काढायची, ग्रीस लावायचं, परत घालायची. तुटली तर नवी. स्कॅनर नाही, कोड नाही. माझी पद्मिनी गाडी त्याच्यावरच चालवून विकली.

असो. आताच्या सेन्सरच्या टोकाला जो प्लास्टिकचा छोटा गिअर असतो तो त्याच केबलच्या गिअरचा वारस. जागाही तीच.

ओहम

अगदी. वारसा आकड्यातही आहे. जपानी धाटणीच्या गाड्यांत ताशी ६० किलोमीटरला ती केबल मिनिटाला ६३७ फेरे घ्यायची, म्हणजे किलोमीटरला ६३७ फेरे. केबल गेली, सेन्सर आला, पण हिशेब बऱ्याच गाड्यांत तोच राहिला. फेऱ्याला चार पल्स देणारा सेन्सर असेल तर किलोमीटरला २५४८ पल्स. मल्टिमीटरवर हर्ट्झ मोजायची सोय असेल तर ६०च्या वेगाला ४२-४३ हर्ट्झ दिसतील. दुसऱ्याला गाडी चालवायला सांगा, मल्टिमीटर तुम्ही धरा.

न्यू जर्सीकर

विषय मॅन्युअलचा आहे, पण ऑटोमॅटिकवाल्यांसाठी थोडं लिहितो, कारण तिथे हेच दुखणं जास्त महागात पडतं.

ऑटोमॅटिकमध्ये निदान दोन सेन्सर असतात. एक गिअरबॉक्समध्ये शिरणारा वेग मोजतो, दुसरा बाहेर पडणारा. दोन्हींच्या भागाकारावरून कंट्रोलरला कळतं की गिअर नीट पडलाय की आतले क्लच घसरतायत. आतला गेला तर कोड पी०७१५, बाहेरचा गेला तर पी०७२०. माझा बाहेरचा गेला होता. गाडी एकाच गिअरमध्ये अडकून बसली, सिग्नलवरून निघताना जीव नसल्यासारखी. गिअर बदललाच तर पाठीत धक्का. ट्रान्समिशनच्या दुकानात पूर्ण गिअरबॉक्स उघडण्याचा अंदाजपत्रकी आकडा हातात ठेवला. शेवटी निघाला बाहेरून बसणारा एक सेन्सर.

माझा सेन्सर गिअरबॉक्सच्या कुशीला होता, ऑइलच्या पातळीच्या खाली, त्यामुळे इथे मात्र ऑइल येतं. खाली ट्रे ठेवा आणि नंतर पातळी भरून काढा. टोकाच्या चुंबकावर लोखंडाचा काळा चिखल जमलेला होता. थोडा बारीक चिखल असतोच, पण चकाकणारे कण किंवा तुकडे दिसले तर सेन्सर बदलून भागणार नाही. काही गाड्यांत हे सेन्सर ऑइल पॅन काढल्यावर आतल्या इलेक्ट्रिकल प्लेटवरच असतात. ते घरचं काम नाही.

इकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, बोल्ट गंजून एकजीव होतो. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं नसतं तर बोल्टाचं डोकं तुटलं असतं. आणखी एक: आमच्या राज्यात चेक इंजिनचा दिवा चालू असेल तर तपासणीत गाडी नापास. म्हणून लोक आदल्या दिवशी बॅटरी काढून कोड पुसतात. त्याने ईसीयूच्या स्वतःच्या चाचण्याही पुसल्या जातात आणि तपासणीवाल्याला ते दिसतं.

वेळणेश्वर

माझी २०२१ची गाडी. गिअरबॉक्सवर असा सेन्सर सापडतच नाही! काटा मात्र अधूनमधून पडतो.

ओहम

नसेलच. आपल्याकडे २०१९च्या एप्रिलपासून सगळ्या नव्या कारना एबीएस सक्तीचं झालं. एबीएस आलं की चारही चाकांना सेन्सर येतात, मग गिअरबॉक्सवर वेगळा कशाला ठेवायचा? बहुतेक नव्या गाड्यांत एबीएसचा डबाच वेग काढतो आणि मीटरला कळवतो. काट्याबरोबर एबीएसचा दिवा लागतो का ते बघा. लागत असेल तर बिघाड चाकाकडे शोधा.

दहाची गोटी

वेळणेश्वर, अलीकडे चाकाची बेअरिंग बदललीय का? हल्लीच्या बऱ्याच बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्ये चुंबकी पट्टी असते, एबीएसचा सेन्सर तीच वाचतो. ती बाजू सेन्सरकडे यायला पाहिजे. उलटी ठोकली की बेअरिंग मस्त फिरते, आवाज नाही काही नाही, फक्त सेन्सर आंधळा. वरून बघून काहीच कळत नाही. परत काढायची म्हणजे नवीच घालावी लागते.

वेळणेश्वर

उजवी पुढची, महिन्याभरापूर्वी. आता कळलं. धन्यवाद, दादा. एबीएसचा दिवाही लागतो.

तिसरी घंटा

बिनकाट्याची गाडी एक्स्प्रेस वेवर नेऊ नका एवढंच सांगतो. तिथे कॅमेरे आहेत, घाटात मर्यादा वेगळी, सपाटीला वेगळी. फोनवरचा जीपीएस बोगद्यात मुका होतो. आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांत, नियम ११७, गाडीला स्पीडोमीटर असलाच पाहिजे असं आहे.

रानवारा

सगळ्यांचे आभार. रविवार सत्कारणी लागला. सविस्तर लिहिते.

गोटीदादा, तुम्ही टी परमिटचं विचारलंत. हो, गाडी आधी टुरिस्ट होती, नंतर खासगी करून घेतलेली. तुम्हाला कसं कळलं?

गाडी घाटातून फिरवून गरम करून आणली. एअर फिल्टरचा डबा काढला, सेन्सर सापडला. तीन वायरी. सप्लाय १२.४, अर्थ ठीक, सिग्नलची पिन ४.९. म्हणजे वायरिंग निर्दोष असं म्हणून पुढे जाणार होते, तेवढ्यात कपलरपासून वीतभर अंतरावर हार्नेसवर (वायरींच्या जुडग्यावर) काळी टेप गुंडाळलेली दिसली. बाकी हार्नेसवर कंपनीची कापडी टेप, ही मात्र चिकट, तेलकट, अर्धी सुटलेली. सोडवली तर आत सिग्नलची वायर सोलून तिला दुसरी एक लाल वायर नुसती पिळून जोडलेली. ती वायर डॅशबोर्डच्या दिशेने जाऊन मध्येच कापलेली, टोक उघडं, पत्र्यापासून बोटभर लांब.

मग चाकाची परीक्षा. जॅक, घोडी, दगड, सगळं तुम्ही सांगितलं तसं. चाक फिरवलं, सिग्नल ४.९वर ठाम. हलेचना.

सेन्सर काढला. आधी आजूबाजूची माती ब्रशने आणि फुंकून साफ केली. बोल्ट सहज निघाला, सेन्सर नाही. डावी-उजवीकडे थोडं थोडं वळवत होते, पाच-सात मिनिटं गेली, मग "चप्प" करून वर आला. ओ-रिंग गोल राहिलीच नव्हती, दाबून चौकोनी झालेली, नख टोचलं तर तुटली. गिअरचे दात शाबूत.

आता मजेचा भाग. सेन्सर गार व्हायला ठेवला, मग कपलरला लावून हातात धरला आणि गिअर बोटाने फिरवला: ०.१, ४.९, ०.१, ४.९. चालू! मग केस वाळवायचं ड्रायर आणलं आणि फिरवत फिरवत सेन्सरच्या डोक्यावर गरम हवा मारली. थोड्या वेळाने आकडा एकदम ४.९वर अडकला. ड्रायर बंद, थांबले, पुन्हा चालू. नवरा म्हणाला, पुन्हा दाखव. पुन्हा दाखवलं.

ओहम

ड्रायरची परीक्षा फारच छान! आतला सोल्डरचा टाका किंवा चिपच गरम झाल्यावर साथ सोडतेय. यापेक्षा पक्का पुरावा नाही.

दहाची गोटी

टुरिस्ट गाड्यांना ताशी ८०चा स्पीड गव्हर्नर, म्हणजे त्यापुढे वेग जाऊ न देणारं यंत्र, लागतो. तो बाहेरून बसवला असेल तर त्यालाही वेग कळायला हवा, म्हणून बसवणारा याच सेन्सरची सिग्नल वायर सोलतो. गाडी खासगी झाली की गव्हर्नर काढतात, वायर तशीच सोडतात. जुनी टुरिस्ट गाडी आणि स्पीडचा कोड म्हटलं की माझा हात आधी त्या टेपकडे जातो. काळी-पिवळीतसुद्धा भाड्याचा इलेक्ट्रॉनिक मीटर गिअरबॉक्सकडूनच फेरे मोजतो, तिथेही असले जोड सापडतात. दरवाजे आपोआप लॉक करणारी बाहेरची सिस्टिम असेल तर तीच गत.

तुमच्या गाडीत सेन्सर तर गेलाच आहे. पण ती लाल वायर तशी ठेवून नवा लावला असता तर टोक पत्र्याला लागेल त्या दिवशी काटा पुन्हा शून्यावर आला असता, आणि तुम्ही दुकानदाराशी भांडत बसला असता. लाल वायर मुळापासून कापा, जोडाला सोल्डर मारा, हीट श्रिंक नळी चढवा. पिळून टेप लावलेला जोड पावसाळ्यात हिरवा पडतो.

नवा घेताना जुना बरोबर न्या. पार्ट नंबर जुळवा, गिअरचे दात मोजा, कपलरचा खाचा बघा. एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेलला वेगवेगळ्या दातांचा गिअर असू शकतो. लोकल माल निम्म्या किमतीत मिळतो, पण गरमीत तोच पहिला दगा देतो. तुमचा आजारच गरमीचा आहे, तेव्हा ओरिजिनलच घ्या.

रानवारा

नाना पेठेत मिळाला, ओरिजिनल. दुकानदाराने आधी लोकल पुढे केला, दात मोजतेय म्हटल्यावर गप्प दुसरा काढून दिला. नव्या ओ-रिंगला गिअर ऑइलचं बोट लावून सेन्सर सरळ दाबला, थोडा वळवला तसा दात जुळून शेवटपर्यंत बसला. मग बोल्ट. लाल वायरीचा निकाल लावला.

साताऱ्याहून पुणे आणि परत, भर दुपारी. काटा एकदाही हलला नाही, टोलनाक्यावर इंजिन बंद पडलं नाही. चेक इंजिनचा दिवा मात्र अजून आहे. पुसू का?

ओहम

स्कॅनर असेल तर पुसा. नसेल तर नुसती चालवा. बिघाड परत दिसला नाही तर साधारण तीन फेऱ्यांनंतर दिवा आपोआप विझतो. फेरी म्हणजे गार इंजिन सुरू करून, पुरेसं चालवून, बंद करणं. कोड आठवणीत काही काळ राहील, त्याने त्रास नाही.

गुळाचा चहा

वाचतोय. माझाही काटा बंद आहे, पण मला जास्त चिंता मायलेजची. १७ द्यायची, आता टाकीला ९ पडतंय. सेन्सरमुळे पेट्रोल इतकं जास्त पितं?

ओहम

काटा बंद असताना किलोमीटरही मोजले जात नाहीत. तुम्ही ३०० किलोमीटर चालवता, मीटर १६० दाखवतं, आणि तुम्ही १६०ला भागता. आयडलिंग बिघडल्याने थोडं पेट्रोल जास्त जाईलही, पण निम्मं नाही. एक टाकी फोनच्या जीपीएसवर मोजून बघा.

आबासाहेब_नगरकर

आणि जुनी गाडी घेणाऱ्यांनो, यावरून ओळखा. कपलर काढून ठेवलं की किलोमीटर वाढत नाहीत. "फक्त ४०,००० चाललीय" म्हणतात आणि क्लचचं पेडल झिजून गुळगुळीत झालेलं असतं. खरेदीआधी सेन्सरच्या बोल्टाकडे आणि कपलरकडे नजर टाका. सगळीकडे धूळ आणि तेवढंच स्वच्छ असेल तर हात लागलेला आहे.

रानवारा

बापरे. माझ्या गाडीचं कपलर काढायला गेले तेव्हा लॉकची चिमटी आधीच तुटलेली होती.

दहाची गोटी

मग मीटरवरच्या आकड्याला फार किंमत देऊ नका. सर्व्हिसचं जुनं रेकॉर्ड मिळतंय का बघा, टायरवरची बनावटीची आठवडा-वर्षाची चार अंकी खूण बघा. चिमटी तुटलेली आहे तर कपलरला छोटा झिप टाय मारून ठेवा, नाहीतर हादऱ्याने सैल होईल.

आणि गिअर ऑइल कधी बदललं होतं ते माहीत नसेल तर आता बदलून टाका. मॅन्युअलमध्ये जो ग्रेड दिलाय तोच, बहुधा ७५डब्ल्यू-८० किंवा ७५डब्ल्यू-९०, आणि डब्यावर जीएल-४ वाचूनच घ्या. दुकानदार जीएल-५ देईल, भारी आहे म्हणेल. तो डिफरन्शियलचा माल आहे, सिंक्रोनायझरच्या (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या) पितळी रिंगांना मानवेलच असं नाही. भरायचा बोल्ट आधी सोडवून बघा, मग निचऱ्याचा. निचरा केला आणि भरायचा बोल्ट उघडलाच नाही अशा गाड्या टोचनवर येतात माझ्याकडे.